तीन पिचर

ज्या कॉलेजसाठी मी सॉफ्टबॉलमध्ये पिचिंग केलं, तिथल्याच मुलींना आता पिचिंग शिकवते. मैदान तेच, फक्की ठेवायची पत्र्याची खोलीही तीच. काम मात्र निराळं. हाताला जे सवयीने येत होतं ते आता दुसरीच्या हातात उतरवायचं असतं.

विंडमिल बघायला सोपी वाटते. हात वरून पूर्ण गोल फिरून खाली येतो, चेंडू मांडीजवळ सुटतो, झालं! पण त्या अख्ख्या गोलाचा वेग चेंडूत उतरणार की वाया जाणार, हे शेवटच्या वीतभर अंतरात ठरतं. यंदा प्रथम वर्षाला आलेली एक मुलगी मूळची खो-खोची. पायांत विलक्षण जोर, पण चेंडू कॅचरच्या डोक्यावरून थेट जाळीत. "ताई, जोर कमी करू का?" तिने विचारलं. अजिबात नाही. जोर कमी केला की चेंडू सरळ जाईल आणि कुणीही तो मारेल. तिचा चेंडू फक्त उशिरा सुटत होता.

मग तिला एका गुडघ्यावर बसवलं, कॅचरला जवळ आणलं, हात फिरवणं बंद केलं. कोपराखालचा हात ट्रॅकपँटच्या खिशाला घासून गेला पाहिजे आणि तिथेच मनगटाची झटक. चेंडूची शिवण बोटांच्या टोकांवरून निसटली की तो भिरभिरत जातो आणि ग्लोव्हमध्ये खणखणीत आवाज येतो. तो आवाज आल्यावर तिला माझ्याकडे बघायची गरज उरली नाही.

सगळ्यांना राइजबॉल हवा असतो. तो खरं तर वर चढत नाही. उलट्या फिरकीमुळे अपेक्षेपेक्षा कमी खाली येतो आणि बॅटर फसते. मी आधी चेंजअप शिकवते. पिचरची पट्टी होम प्लेटपासून ४३ फुटांवर असते. ताशी ९५ किलोमीटरने सुटलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत बॅटरपाशी पोचतो. त्याच हालचालीतून संथ चेंडू आला की बॅट आधीच फिरून गेलेली असते. शिवाय चेंजअप येणाऱ्या मुलीला प्रत्येक चेंडूवर सगळी ताकद लावावी लागत नाही, आणि मला तेच हवं आहे.

कारण आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे: हात खालून फिरतो, मग खांद्याला कसला त्रास? विंडमिलमध्ये खांद्यावर येणारा ताण बेसबॉलच्या पिचरच्या ताणाच्या तोडीचा असतो, हे अभ्यासांतून दिसलं आहे. दंडाचा स्नायू खांद्याला पुढून जिथे जोडला जातो, तिथे दुखणं सुरू होतं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दिवसाला दोन-दोन सामने मी एकटीने टाकलेत. संध्याकाळी वेणी घालायला हात वर जात नसे. चांगली पिचर एकच असली की संघ तिच्यावरच विसंबतो, आणि याला सगळे जिद्द म्हणतात.

जपानच्या युकिको उएनोने २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दोन दिवसांत तीन सामन्यांत मिळून ४१३ चेंडू टाकले आणि अमेरिकेला हरवून सुवर्ण मिळवलं. तिच्यापुढे मी हात जोडते. पण माझ्या मुलींना मी दुसरी गोष्ट सांगते. २०२१ साली टोकियोत पुन्हा तोच अंतिम सामना झाला. उएनो ३९ वर्षांची होती. सहाव्या इनिंगमध्ये २० वर्षांची मिऊ गोतो पिचिंगला आली, तिने अमेरिकेची चढाई रोखली आणि सातव्यात उएनो परत आली. जपान २-० जिंकलं. बाहेर गेलेल्या खेळाडूला एकदा परत येऊ देणारा सॉफ्टबॉलचा नियम इतका सुंदर वापरलेला मी दुसऱ्या कुठल्या सामन्यात पाहिलेला नाही.

म्हणून संघात तीन पिचर हव्यात, यावर मी अडून बसले आहे. टाकलेल्या प्रत्येक चेंडूची वहीत नोंद होते. पुढच्या स्पर्धेत पहिल्या सामन्यात खो-खोवाली मध्ये येईल. सीनियर मुलगी त्यावर नाराज होती. तिला तो टोकियोचा सामना मोबाईलवर दाखवला. शेवटपर्यंत गप्प बसून पाहिला तिने.

"म्हणजे सातवी इनिंग माझी?"

"तुझीच."