काखेपाशी थांबलेला स्वेटर

खारदांड्याला थंडी ती कितीशी! सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर उतरला होता, एवढी खरी थंडी आता मोठ्यांच्या गप्पांतच. तरी पहाटे गार वारा सुटला की हात सुयांकडे वळतातच.

यंदा नवं काही विणायला घ्यायचं नाही. बाबांचा बिनबाह्यांचा स्वेटर पाठ पुरी होऊन पुढच्या भागात काखेपाशी थांबलाय, तो आधी. पण नुसतं पुढे विणत सुटून भागत नाही. मधल्या काळात हाताची ओढ बदलते. नव्या ओळी सैल पडल्या की आडवी रेघ उठून दिसते. म्हणून चौकोनी तुकडा विणला, १० सेंटिमीटरमधले टाके मोजले, सुई एका नंबराने बारीक घेतली. सुईवर ताणून राहिलेली शेवटची ओळ उसवली, ते बरंच झालं.

कोळीवाड्यात जाळी दुरुस्त करणारे हात पाहिले की धीर येतो. फाटकी टोकं आधी कापून साफ करायची, मगच नवी घरं विणायची. किती शहाणी रीत आहे ही!

मैत्रिणींनो, लोकरीवरची लॉट नंबराची पट्टी जपून ठेवा. त्याच रंगाची दुसऱ्या लॉटची लोकर उन्हात वेगळी दिसते.