बाजा आणि मूर्च्छना

सुटींत आमचा नातू आटपाडीस आला, तो खिशांत 10 छिद्रांचा तोंडाचा बाजा घेऊन. "हा पोरखेळ! यांत स्वर तरी पुरे आहेत काय?" असें आम्ही सर्वांदेखत बोललों. पोर हिरमुसलें.

रात्रीं मोबाइलवर गिटारीची साथ लावून त्यानें तोच बाजा आम्हांस ऐकविला. बाज्याचा पंचम षड्ज मानतांच खमाजाची छाया उमटली. ऋषभ षड्ज मानतांच काफीची. साथीची स्वरसंगती पालटे, तेव्हां खालच्या सप्तकांत नसलेला स्वर तो श्वास आंत ओढून, वाकवून काढी.

आरंभस्वर बदलून निराळा स्वरमेळ उभा करणें, हीच नाट्यशास्त्रांतील मूर्च्छना! षड्जग्रामाच्या 7 मूर्च्छनांचीं नांवें आम्हांस मुखोद्गत. कानीं पडली ती मात्र प्रथमच.

सकाळीं, सर्वांदेखतच, आम्हीं आपली चूक कबूल केली.