होडीचं पोट

आमच्या बेला गावात शिडाची होडी नाही. इथे आहे तो पैनगंगेतला डोंगा. अजिंठ्याच्या डोंगररांगेतून निघालेली ही नदी आमच्या उत्तरेला तेलंगण-महाराष्ट्राची हद्द होऊन वाहते. पुढे वर्धा, मग प्राणहिता, मग गोदावरी. आमच्या घाटावरचं पाणी शेवटी समुद्रालाच मिळतं, तेव्हा होड्यांवर चार शब्द बोलायचा हक्क आम्हालाही आहे असं मी धरून चालतो.

पूर ओसरला की डोंगा काठावर ओढतात. टमरेलानं पाणी उपसून झालं तरी तळाशी गाळ उरतोच. काळाभोर, कुणाच्या तरी कपाशीच्या रानातून वाहून आलेला. तो खरवडून काढला की फळ्या दिसू लागतात आणि कुजकं शेवाळ, डांबर, मासळी असा मिसळलेला वास वर येतो. हे काम बघत बसायला मला फार आवडतं. वरून फळी ठणठणीत वाळलेली असते, पण सांध्यात नख रोवलं की नखाशी गारवा लागतो. एका म्हाताऱ्या ढिवरानं मला एकदा बजावलं होतं, "उन्हात नको ठिऊ भाऊ, तडकते."

खरंच तडकते. उन्हानं वरचा थर आकसतो, आतलं लाकूड ओलं फुगलेलंच राहतं आणि त्या ओढाताणीत फळी उकलते. म्हणून डोंगा कडुलिंबाच्या सावलीत, दगडांवर पालथा घालायचा, खालून वारा खेळेल असा. सांध्यांत कापूस नि डांबर भरायचं ते त्यानंतर. (कापसाला आमच्याकडे तोटा नाही, भाव मिळो न मिळो.) इतकं करूनही पाण्यात उतरवल्यावर डोंगा आधी थोडा गळतोच, लाकूड फुगून सांधे आवळले की थांबतो.

कोकणात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या झापांनी शाकारतात. समुद्रात जन्म काढणाऱ्या होडीला पावसाची कसली भीती, असं वाटेल. पण लाकूड कुजतं ते गोड्या पाण्यानं. खाऱ्या पाण्यात बुरशीला तितकं फावत नाही. आणि गंमत अशी की आत मीठ राहिलं तर तेच हवेतली ओल ओढत बसतं, म्हणून वाळवण्याआधी होडी गोड्याच पाण्यानं धुवावी लागते.

दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले ती शिडाची होडी 'म्हादेई' गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली. नाव नदीचं, लांबी ५६ फूट, पोट सीडरच्या पट्ट्यांचं आणि त्यावर फायबर ग्लासचं आवरण. अशा बांधणीत लाकूड आधीच नीट वाळलेलं असावं लागतं. कोरड्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांहून जास्त ओल आत कोंडली, तर लाकूड आतल्या आत कुजतं आणि वरचं आवरण मात्र चकचकीत दिसत राहतं. त्या मानानं आमचा डोंगा प्रामाणिक. कुजला तर दिसतो.

तुमच्याकडे होडी असेल तर झाकणं, फळकुटं सगळी उघडी टाका, शेगडी-बिगडी लावू नका. डांबराचा डबा उघडण्याआधी तळाचा सांधा चाचपून बघा. गार लागला तर आणखी आठवडाभर डबा बंदच राहू द्या.