रिकाम्या पिस्तुलाचा नेम

पौष पौर्णिमेला आमच्या म्हशाची जत्रा भरते. तीत बैलांचा बाजार सर्वांत मोठा, हे मोठ्या माणसांचे मत. पोरांच्या लेखी मोठा असतो तो फुगे फोडण्याचा तंबू. फळीवर रांगेने लावलेले फुगे, समोर छऱ्याची बंदूक, आणि एक डोळा गच्च मिटून, जीभ दातांत धरून उभा राहिलेला वीर. फुगा फुटला तर तो नेमबाज. नाही फुटला तर बंदूक वाकडी. (बंदूक बहुधा खरोखरच वाकडी असते, ती गोष्ट निराळी.) नेम हा डोळ्याचा गुण असून तो ज्याचा त्याने जन्माला येतानाच आणायचा असतो, अशी आमच्या पंचक्रोशीची पक्की समजूत आहे. माझ्या भाचीने गेल्या काही महिन्यांत ही समजूत निदान माझ्यापुरती तरी मोडीत काढली.

बहीण गावातच दिलेली. तिची ही मुलगी मुंबईला वरळीच्या रेंजवर पिस्तूल शिकते. म्हणजे मुरबाडहून कल्याणपर्यंत एस.टी., तिथून लोकल, आणि संध्याकाळी तीच वारी उलटी. दाजींचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, याला साफ नकार होता. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये रायफलीचे कांस्यपदक पटकावले, आणि खेड्यातल्या पोरालाही हे जमते असे पाहून दाजी थोडे विरघळले. पुरते मात्र नाहीत. त्यांनी मुदत घातली. येत्या जत्रेपर्यंत राज्यस्पर्धेत उभे राहण्याजोगे गुण आले तर पुढचे पाहू. नाहीतर पौष सरला, माघ लागला, की स्थळे बघायची. तोवर काडतुसांचा खर्च भाताच्या पैशातून.

ते काडतूस तिने मला एकदा दाखवले. उडवून झालेले, रिकामे, करंगळीच्या पेराहूनही बारीक. याला 'पॉइंट टू टू' म्हणतात. १८८७ सालापासून चालत आलेले हे काडतूस. कुसाळेच्या रायफलीतही हेच असते. याच्या बुडाला एक बारीक कड असते आणि पेट घेणारा मसाला त्या कडेतच भरलेला असतो. पिस्तुलाची पिन मध्यावर न आपटता कडेवर आपटते. धक्का म्हणाल तर अगदी थोडा. पण थोडा का होईना, तो येणार आहे हे हाताला ठाऊक असते, आणि सगळी रड तिथेच आहे.

पहिले काही महिने तिच्या गोळ्या खाली डावीकडे जात. दहाच्या वर्तुळाच्या आशेने सुटलेली गोळी सहात नाहीतर सातात बसे. ती चिडून मागच्या खाचेचा स्क्रू फिरवू लागली, तेव्हा तिच्या सरांनी तिचा हात धरला. स्क्रू फिरवायचा तो गोळ्यांचा झुबका एका जागी पडू लागल्यावर. विखुरलेल्या गोळ्यांना कोणता स्क्रू पुरणार?

मग त्यांनी एक युक्ती केली. तिच्या नकळत पाच काडतुसांत एक निकामी काडतूस मिसळून दिले. तिने नेम धरला, चाप ओढला, नुसता खट् आवाज झाला. आणि न उडालेल्या गोळीच्या धक्क्याला दाबून धरण्यासाठी पिस्तुलाचे तोंड आपले आपणच खाली डावीकडे गेले. शेजारी उभे असलेले सगळे हसले. ती नाही हसली. त्याच दिवशी सरांनी तिची काडतुसे महिनाभरासाठी बंद केली.

हे ऐकून दाजी माझ्याकडे आले. "मास्तर, काडतुसांना पैसं मी देतो, आनि ही पोरगी रिकामंच टकटक करतेय. रिकाम्या पिस्तुलानं नेम सुधारतो होय?"

प्रश्न रास्त होता. मी कॅलेंडरच्या पाठीवर गणित मांडले. पिस्तुलाच्या पुढच्या टोकाला माशी असते, मागे खाच. दोघींत अंतर फार तर २२ सेंटिमीटर. माशी खाचेच्या मध्यावर, दोन्ही बाजूंना सारखा उजेड ठेवून उभी राहिली पाहिजे. ती तशीच राहून सगळा हातच एक सेंटिमीटर हलला, तर २५ मीटरवरची गोळीही एकच सेंटिमीटर हलते; आणि दहाचे वर्तुळ ५ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे गोळी दहातच. पण हात जागच्या जागी राहून माशी खाचेत एकच मिलिमीटर सरकली, तर तीच गोळी ११ सेंटिमीटरवर जाते. दहाचे थेट सहा. म्हणून डोळा ठेवायचा तो माशीवर. समोरचे काळे वर्तुळ धूसर दिसले तरी चालते. नव्हे, धूसरच दिसले पाहिजे. आणि शेवटच्या क्षणी ती माशी हलवणारे असते एक बोट. हजार ग्रॅमहून हलका चाप नियमाला चालत नाही. तो सावकाश, सरळ मागे यायला हवा, झटका न देता.

दाजी गप्प राहिले. नांगराचे पहिले पाऊल बोटभर चुकले तर बांधाशी तास केवढा चुकतो, हे त्यांना मी काय सांगावे!

मग आमच्या पडवीत तिची शाळा भरू लागली. 'टू टू'चे पिस्तूल क्लबच्या कोठारातच राहते. शिवाय त्यातल्या पुष्कळांना रिकामे उडवलेले सोसत नाही, पिन नळीच्या काठावर आपटून दोघांची खराबी होते. म्हणून घरी हवेचे पिस्तूल, तेही छऱ्यावाचून. समोर निशाण नाही, नुसती चुन्याची भिंत. पहाटे अर्धा तास हात वर, माशी, श्वास, खट्, हात खाली. आठ-दहा सेकंदांत चाप सुटला नाही तर तसाच हात खाली घ्यायचा. हा हात खाली घेणे तिला सर्वांत जड गेले. दर खटक्यानंतर माशी कुठे होती ते वहीत लिहायचे, स्वतःशी खोटे न बोलता.

माझी आई त्याच वेळी पडवीच्या दुसऱ्या टोकाला जपमाळ घेऊन बसते. चार दिवस तिने ते खट्-खट् निमूट ऐकले. पाचव्या दिवशी माळ डोळ्यांना लावून म्हणाली, "माझा नेम झाला बाय. तुझा झाला का?" मी मराठी शिकवतो, पण देवापुढचा नेम आणि बंदुकीचा नेम हा एकच शब्द असल्याचे तोवर माझ्या ध्यानात आले नव्हते.

महिन्याने काडतुसे परत मिळाली. पहिल्याच दिवशी काही सगळे दहा आले नाहीत. झुबका आला, तोही खालीच. पण मुठीएवढा, एका जागी. तेव्हा कुठे सरांनी स्क्रू फिरवला.

तिच्या वहीच्या पहिल्या पानावर कोल्हापूरच्या राही सरनोबतचे छायाचित्र आहे. २०१८ साली पालेम्बांगला आशियाई खेळांत २५ मीटर पिस्तुलाच्या अंतिम फेरीत राही आणि थायलंडची स्पर्धक दोघी ३४ वर बरोबरीत आल्या. पाच गोळ्यांची जादा फेरी झाली, तीही ४–४. पुन्हा पाच, त्यात ३–२ ने राही जिंकली. या खेळांत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. मला त्या सुवर्णापेक्षा ते तीन फार आवडतात. पाचांतल्या दोन चुकल्या, तरी पुढचीसाठी हात तसाच वर गेला.

आता भाताची कापणी उरकत आली आहे. जत्रेला अडीच महिने आहेत आणि गुण अजून थोडे कमी पडतात. परवा पहाटे दाजी पायाला चिखल घेऊन तसेच पडवीत आले. सरांनी सांगितलेला एक प्रकार पोरीने त्यांना दाखवला होता म्हणे. त्यांनी खिशातून पाच रुपयांचे नाणे काढले, तिच्या उचललेल्या पिस्तुलाच्या नळीवर, पुढच्या टोकाशी, अलगद ठेवले आणि दोन पावले मागे सरकले.

खट्. नाणे हलले नाही.

"परत कर," दाजी म्हणाले, आणि जोत्यावर बसले.