डबीवरची तारीख

सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान शिकविले, ईशज्ञान शिकविले, धर्मग्रामाचा हिशेब कसा ठेवावा हेही थोडेफार शिकविले. परंतु कपाट कसे लावावे हे कोणी शिकविले नाही. ते मी पन्नाशी उलटल्यावर नागपूरच्या महालात शिकलो. त्या शिक्षणाची किंमत मात्र एका वृद्ध स्त्रीला मोजावी लागली, म्हणून ही हकीकत लिहीत आहे.

महाल म्हणजे जुने नागपूर. भोसल्यांचा वाडा, गांधी गेट, बडकस चौक आणि त्यांच्यामधल्या दाटीवाटीच्या गल्ल्या. अशाच एका गल्लीतील जुन्या घरात आम्ही आठवड्यातून दोन दिवस लहानसे तपासणी केंद्र चालवितो. एक डॉक्टर आणि परिचारिकेचे काम केलेल्या एक सिस्टर सेवाभावाने येतात. रक्तातील साखर, मलेरिया आणि सिकलसेल यांची प्राथमिक तपासणी होते. साहित्य आणणे व सांभाळणे हे काम माझ्याकडे. देणगीदारांचा पैसा वाचावा म्हणून मी वर्षभराचा साठा एकदम घेतला. तो स्वस्त पडला. नवी खोकी हाताशी ठेवली, जुनी मागे सरकविली, आणि आपण किती व्यवस्थित आहोत असे मला वाटले.

कपाट पश्चिमेच्या भिंतीला होते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि ती भिंत संध्याकाळपर्यंत तव्यासारखी तापलेली असे. साखर तपासण्याच्या पट्ट्यांच्या डबीवर ३० अंशांची मर्यादा छापलेली होती. ती मी कधी वाचली नव्हती.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे नियमित येणाऱ्या एका आजींच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. ती भरेना. यंत्रावर आकडा मात्र ११० च्या जवळपास. “आजी, साखर छान आहे,” असे मी दोनदा कौतुकाने म्हणालो. तिसऱ्या खेपेस डॉक्टरांना शंका आली. त्यांनी रक्त प्रयोगशाळेत पाठविले. साखर ३०० च्या वर निघाली.

सिस्टरांनी डबी हातात घेतली. छापील मुदत संपायला सात महिने बाकी होते. “फादर, ही उघडली कधी?” त्यांनी विचारले. माझ्याजवळ उत्तर नव्हते.

मग त्यांनी मला समजावून सांगितले. पट्टीच्या टोकाशी एक विकर सुकवून बसविलेले असते. रक्तातील साखरेशी त्याची क्रिया होऊन अतिशय सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो, आणि यंत्र त्याचा आकडा करते. उष्णतेने वा ओलाव्याने ते विकर दुबळे झाले, तरी यंत्र आकडा दाखवितेच. छापील तारीख न उघडलेल्या, नीट राखलेल्या डबीची असते. डबी एकदा उघडली की दुसरे घड्याळ सुरू होते. पुष्कळ डब्यांच्या बाबतीत ते तीन ते सहा महिन्यांचे असते.

“मग कपाट कूलरच्या खोलीत हलवू या,” मी म्हणालो. सिस्टर हसल्या. कूलर हवा थंड करतो, तशी ओलीही करतो. फ्रिजही या पट्ट्यांना मानवत नाही. थंड डबी बाहेर काढून उघडली की आत दव धरते. उलट, काही रसायनांना २ ते ८ अंशच लागतात आणि ती गोठली तर निकामी होतात. प्रत्येक खोक्याचा नियम निराळा, आणि तो त्याच्यावरच छापलेला असतो.

आपण पोलिओच्या लशीच्या कुपीवरील चौकोन पाहिला असेल. १९९६ पासून ही खूण वापरात आहे; उष्णता साचत गेली की चौकोन काळवंडतो आणि कुपी टाकून द्यावी हे कळते. आमच्या पट्ट्यांच्या डबीवर अशी खूण नव्हती. मलेरियाच्या चाचणीत नियंत्रणाची रेघ उमटते. पण रक्त व द्रव पट्टीवरून नीट वाहिले, एवढेच प्रामुख्याने ती सांगते. मलेरिया ओळखणारा भाग शाबूत आहे, याची हमी ती देत नाही. विदर्भात सिकलसेलच्या चाचणीवर विवाहाचे निर्णय अवलंबून असतात. तिच्या द्रावणातील डायथायोनाइट लवकर निष्प्रभ होते. म्हणून ते ताजे मिसळावे लागते आणि ज्यांचा निकाल आधीच ठाऊक आहे असे नमुने सोबत तपासावे लागतात.

याच नागपुरातील नीरी या संस्थेने २०२१ मध्ये कोरोनाच्या तपासणीसाठी मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांची पद्धत पुढे आणली. तो नमुना साध्या तापमानातही नेता येत असे. जेथे थंडावा पुरविणे कठीण, तेथे थंडाव्याची गरजच कमी करावी, हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

आता आमचे कपाट मधल्या, जाड भिंतींच्या खोलीत आहे. आत कमाल व किमान तापमान दाखविणारा तापमापक आहे. सकाळी आणि दुपारी तीनला त्याची नोंद वहीत होते. संत्रा मार्केटमधला व्यापारी टोपली केव्हा आली हे पाहत नाही, कोणती आधी नासेल हे पाहतो. आम्हीही ज्याची मुदत आधी संपते ते पुढे ठेवतो. दोन महिन्यांपुरतेच साहित्य घेतो. डबी उघडताच तिच्यावर तारीख लिहितो, आणि ठरावीक साखर असलेल्या द्रावणाने पट्टी पारखतो. त्या उन्हाळ्यातील अकरा डब्या मी टाकून दिल्या. देणगीचा पैसा तो. हात जड झाला.

आजींचा अंगठा काढावा लागला. वेळीच कळले असते तर तो वाचला असता की नाही, हे डॉक्टर निश्चित सांगत नाहीत. मी त्यांच्या घरी गेलो आणि चूक माझी होती हे सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तुम्ही ‘छान आहे’ म्हणालात ना फादर, म्हणून नातीच्या लग्नात दोन लाडू खाल्ले मी.”

त्या अजूनही येतात. बोट पुढे करण्यापूर्वी विचारतात, “डबी कधी उघडली?” मी चष्मा लावतो आणि तारीख मोठ्याने वाचून दाखवितो.