औषध तेच, कीड मात्र ती राहिली नाही

चाकणच्या कांदा-बटाट्याच्या बाजारात घटकाभर टेकले की एक तक्रार हटकून कानी येते. "अण्णा, औषधात काही दम राहिला नाही बघा. पूर्वी एका फवारणीत फुलकिडे झडायचे, आता तीन मारल्या तरी हलत नाहीत." भेसळीचा माल निघतच नाही, असे मी म्हणणार नाही. पण पुष्कळदा औषध चोख असते आणि बदललेली असते ती कीड.

हे कसे होते? आपल्या पिंपरीला १९५४ साली पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. पण काही जंतू असे निघाले की, ते अंगातल्या अंगात एक द्रव्य बनवून पेनिसिलिनच तोडून टाकतात. अशा द्रव्याला विकर म्हणतात. किडीच्या शरीरातही विष फोडणारी विकरे असतात आणि ती आजची नाहीत. झाडेपाने आपल्या अंगी कडू, उग्र द्रव्ये बाळगतात. ती खाऊन पचवायची तर किडीला ही सोय लागतेच.

बटाट्यावरच्या माव्याचे उदाहरण पाहा. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड संशोधन केंद्राने १९८०च्या दशकात तो बारकाईने तपासला. विकर कसे बनवायचे याची कृती जनुकात असते. चिवट माव्यात एकाच जनुकाच्या ८०पर्यंत प्रती सापडल्या! एका चुलीच्या जागी ऐंशी चुली पेटल्या म्हणा ना. विष मज्जातंतूंपर्यंत पोचण्याआधीच अडकते. शिवाय हे एक विकर ऑर्गॅनोफॉस्फेट, कार्बामेट आणि पायरेथ्रॉइड या तिन्ही घराण्यांच्या औषधांना अडवते.

फवारणी किडीला हे शिकवत नाही, ती निवड करते. आपण चांगले कांदे बियाण्याला राखतो, तशी दर फवारणी चिवट मावा मागे राखते. मावा नराशिवायच पिल्ले घालतो आणि ती पिल्ले आठ-दहा दिवसांत स्वतः पिल्ले घालू लागतात. मग शेत त्याच वाणाने भरायला कितीसा वेळ?

म्हणून दुकानदाराला नुसते "दुसरे द्या" म्हणू नका. सायपरमेथ्रिन सोडून लॅम्डा-सायहॅलोथ्रिन घेतले, तर नाव बदलले, घराणे तेच राहिले. "गट वेगळा आहे का?" असे विचारा. डब्यावरचा रंगीत त्रिकोण ते सांगत नाही. विष किती जहाल एवढेच तो सांगतो. आपल्या मनाने दोन औषधे मिसळून मात्रा वाढवणे तर सोडाच. त्याच वाफ्यात उद्या घरची बाई खुरपायला बसायची असते.

बटाट्यात ढालकिडे दिसले, तर चार दिवस थांबून पाहा. माव्याच्या अंगात किती चुली आहेत, हे ते विचारत नाहीत. कांद्यासाठी राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची शिफारस मला फार पटते. लागवडीच्या महिनाभर आधी शेताभोवती बाहेरून मक्याची आणि आतून गव्हाची ओळ पेरायची. फुलकिडे वाऱ्याबरोबर येतात, त्यांना ही भिंत आडवी येते. मक्याची कणसे पोरांना भाजायला होतात, ते वेगळेच.