बहुमान आणि प्रशस्ती

चिकोडीतील कन्नड शाळांच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘बहुमान वितरण’ असे शब्द आढळले, की मराठी वाचक क्षणभर अडखळतो. आपल्याकडे बहुमान करतात, तो एखाद्याला लाभतो. वाटला जात नाही. वाटायची ती बक्षिसे, आणि तो शब्दही फारसीतून आलेला. कन्नडमध्ये मात्र बहुमान म्हणजेच बक्षीस. ‘प्रशस्ती’चेही तसेच. मराठीत प्रशस्ती म्हणजे स्तुती. कन्नडमध्ये प्रशस्ती म्हणजे खुद्द पुरस्कार. दोन्ही भाषांनी शब्द संस्कृतातूनच घेतले, पण नांदवले आपापल्या रीतीने.

हे आठवण्यास निमित्त झाले ते माझ्या भाचीच्या सत्काराचे. चिकोडीजवळच्या खेड्यात दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेली ही मुलगी पुढे इंग्रजी पुस्तके आणि कन्नडभाषक अध्यापक यांच्या आधाराने पी.यू. व पदवी उत्तीर्ण झाली आणि रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी कोल्हापूरला गेली. विभागाच्या गुणगौरव समारंभात प्रथम आलेल्या विद्यार्थ्यांचा व निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकांचा सत्कार, आणि नंतर स्नेहभोजन असा बेत होता. विद्यार्थ्यांच्या वतीने तिने बोलायचे होते.

आदल्या रात्री तिने भाषणाचा मसुदा मला दाखवला. मसुदे तपासण्यात माझे आयुष्य गेले. त्यात पी.यू.च्या एका कन्नड सरांविषयी मोठा परिच्छेद होता. मी त्यावर तांबडी रेघ ओढली. “कोल्हापुरात मराठीतून बोलण्याची संधी मिळते आहे, तेथे हे कशाला?” असे म्हणालोही. “बरं, मामा,” एवढेच ती बोलली.

दुसऱ्या दिवशी निपाणी, कोगनोळी करत आणि दूधगंगा ओलांडून आम्ही कोल्हापूर गाठले. समारंभ बहुतांशी इंग्रजीतच चालला होता. ज्या गावात राजाराम महाविद्यालयाचे बाळाजी प्रभाकर मोडक यांनी एकोणिसाव्या शतकात मराठीतून रसायनशास्त्रावर लिहिले, त्याच गावात हे ऐकताना मनाला टोचत होते. मग भाची उठली आणि मराठीत बोलू लागली. मला धन्य वाटले. पण थोडाच वेळ. कारण मी खोडलेला परिच्छेद ती सांगू लागली.

पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर ‘आम्लजनक’ असे लिहिले होते. मागच्या बाकावरच्या तीन मराठी मुलींचे चेहरे पाहून त्यांनी तास संपल्यावर विचारले, “तुमच्यात याला काय म्हणतात?” मुली म्हणाल्या, “प्राणवायू.” सरांनी तो शब्द वहीत टिपून घेतला आणि समजावले : लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने ‘ऑक्सिजन’ हे नाव ‘आम्ल उत्पन्न करणारा’ या अर्थाने ठेवले, कारण प्रत्येक आम्लात हा वायू असतोच अशी त्याची समजूत होती. पुढे हम्फ्री डेव्हीने हायड्रोक्लोरिक आम्लात तो नसल्याचे दाखवले. समजूत गेली, नाव राहिले. कन्नडने ते नाव चुकीसकट उचलले. मराठीने वायूचे काम पाहून नाव ठेवले. मात्र हायड्रोजनला कन्नडमध्ये जलजनक म्हणतात, ते अगदी बिनचूक. तो जळला की पाणीच होते.

“त्या दिवसापासून,” भाची म्हणाली, “प्रत्येक संज्ञा मी तीन भाषांत लिहू लागले. मला रसायनशास्त्र त्या वहीतून कळले.” सभागृहात टाळ्या वाजल्या. माझे हात थोडे उशिरा उठले.

जेवताना मी तिला म्हणालो, “तो परिच्छेद मी उगीच खोडला.” ती हसली. “मी तो आधीच दुसऱ्या कागदावर उतरवून घेतला होता, मामा.”

परतताना माझ्या मनात कायद्याची कलमे फिरत होती. संविधानाचे कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे सांगते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने, राज्यांच्या पुनर्रचनेबरोबरच ते आले. प्राथमिक टप्प्यापुढे ते कलम थांबते. तेथून पुढे आमच्या मुलांचे काय होते, यावर मी अनेक अर्ज लिहिले आहेत व यापुढेही लिहीन. त्या मागणीत तसूभरही उणे करण्याचे कारण मला दिसत नाही. परंतु कायदा जेथे थांबला, तेथे या मुलीला पुढे नेणारा माणूस कन्नड होता. आणि ती साक्ष मीच नोंदीतून वगळायला निघालो होतो. न्यायालयात प्रतिपक्षाने असे केले असते, तर मी हरकत घेतली असती.

पुढच्या रविवारी शाल आणि श्रीफळ घेऊन आम्ही सरांकडे गेलो. ते आता निवृत्त आहेत. कपाटातून त्यांनी एक जुनी वही काढली. कन्नड शब्दांपुढे कन्नड लिपीतच मराठी प्रतिशब्द टिपलेले होते. काही जागा रिकाम्या होत्या. भाचीने पेन मागून घेतले आणि त्यांतल्या काही तेथेच भरल्या.